राघू बाळगल्याचा गुन्हा

जयवंताबाई बाभळीवरून पडली तेव्हा तिची पन्नाशी उलटून गेली होती. त्यामुळे पुढं ज्या ज्या डॉक्टरकडं ती गेली, त्यानं पहिला प्रश्न तोच विचारला, "या वयात झाडावर चढायला कुणी सांगितलं होतं?"

तिचं उत्तर ठरलेलं. "शेळ्यांनी."

आणि ते खोटं नव्हतं. राजूरपासून आत, कच्च्या रस्त्याला तिची वस्ती. नवरा राधाकिसन, थोडी मेंढरं, थोड्या शेळ्या. उन्हाळ्यात रानात पाला उरला नव्हता, शेळ्या बाभळीकडं बघून ओरडत होत्या, राधाकिसन मेंढरांमागं लांब गेलेला. मंग बाईच चढली. फांदी वाळलेली निघाली आणि बाई बांधावरच्या दगडांवर पाठीवर आली.

संभाजीनगरच्या एका मोठ्या दवाखान्यात तिच्या मणक्यात सळया आणि स्क्रू बसवले. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरून दाखवला. ऑपरेशन यशस्वी झालं होतं. एक्स-रे खरोखर बघण्यासारखा होता. फक्त जयवंताबाईला बसता येत नव्हतं. कमरेतून निघून डाव्या पायाच्या अंगठ्यापर्यंत कुणी तापलेली तार ओढत न्यावी तशी कळ जायची. उभं राहिलं तर सोसायची, पालथं पडलं तर थोडी कमी व्हायची, बसलं की जीव जायचा. बाई जेवायची उभ्यानं, नाहीतर पालथी पडून कोपरावर. आधी तिच्या ओट्यावर वस्तीतल्या बायका भांडण घेऊन यायच्या न् ती निवाडा द्यायची. आता ती खाटेवर पालथी पडलेली असायची आणि भांडण तिच्या पाठीवरून इकडून तिकडं चालायचं.

उपाय सगळे झाले. पट्टा झाला, तेल झालं, बिब्याचे चटके झाले. एका पाहुण्यानं सांगितलं, दुखण्याकडं लक्ष देऊ नका. जयवंताबाई म्हणाली, "मी देत न्हाई, भाऊ. तेच माझ्याकडं ध्यान देऊन राह्यलंय."

शेवटी भोकरदनला डॉ. कल्याण दांडगे सापडले. माणूस तरुण, बोलायला हळू. मुंबईला शिकत असताना त्यांनी कॅन्सरच्या वॉर्डात काम केलेलं, त्यामुळे दुखणं हासुद्धा एक आजार असतो, असं त्यांचं मत होतं. तालुक्यात हे मत बाळगणारे ते एकटेच असावेत. त्यांनी तिची सगळी कहाणी ऐकली, कागद बघितले आणि एक कॅप्सूल लिहून दिली. ट्रॅमाडॉल.

"मावशी, नीट ऐका. ही गोळी अफूच्या नात्यातली आहे. दिवसाला तीन. मनानं चौथी घेतली, तर मी पहिलीसुद्धा बंद करीन."

"आमच्या नात्यातबी लई वंगाळ मान्सं हायेत, डॉक्टर," ती म्हणाली. "पर येळेला तीच कामाला येतेत."

कॅप्सूल हिरवी होती आणि टोकाला लाल. ट्रॅमाडॉल हे नाव काही जयवंताबाईच्या जिभेवर बसेना. तिनं तिला 'राघू' म्हणायला सुरुवात केली. आठवडा गेला नसेल, एक दिवस राधाकिसन रानातून आला तर बायको ओट्यावर मांडी घालून बसलेली, पुढ्यात भाकरीचं ताट.

राधाकिसन तसा मेंढरांशी बोलणारा माणूस, माणसांशी बेतानंच. तो म्हणाला, "बसलीस." तेवढं म्हणून तो पुन्हा बाहेर गेला आणि कोंडवाड्यामागं बराच वेळ उगीच काहीतरी करत राहिला.

पुढची काही वर्षं बरी गेली. बाई पुन्हा मेंढरांमागं जाऊ लागली, लग्नाकार्याला जाऊ लागली, ओट्यावर निवाडे देऊ लागली. कळ पुरती गेली नव्हती. पण आता ती सासूसारखी झाली होती. घरात होती, बोलायचीसुद्धा, पण कामं होऊ द्यायची. चौथी गोळी जयवंताबाईनं कधी मागितली नाही. महिन्याला एकदा भोकरदनला जायचं, डॉक्टरांना दाखवायचं, मेडिकलमधून महिन्याच्या नऊ पट्ट्या घ्यायच्या आणि एसटीनं परत यायचं.

मंग एका वर्षी वरून नशामुक्ती पंधरवड्याचा आदेश आला.

आदेशात 'प्रभावी कारवाई' असा शब्द होता. तो वाचून फौजदार मिथुन खरात काळजीत पडले. साहेब नवे होते, उत्साही होते, मिशीसुद्धा नव्यानंच ठेवलेली. त्यांच्या हद्दीत नशा नव्हती असं नाही. हातभट्टी होती, गुटखा होता, ढाब्यामागं बरंच काही होतं. पण ती सगळी ओळखीची नशा. ओळखीवर कारवाई करणं बरं दिसत नाही. पंधरवडा संपत आला तरी अनोळखी नशा काही सापडेना.

त्याच दिवसांत जयवंताबाई भोकरदनहून येत होती. एसटीत जागा होती, पण खड्ड्यांच्या रस्त्यावर ती बसत नसे, दांडीला धरून उभी राही. तिनं राधाकिसनला फोन लावला. रानातल्या माणसाला ऐकू जावं म्हणून ती फोनवरसुद्धा रानाएवढ्या आवाजात बोलायची.

"अवं, राघू घेतले! हां, महिन्याचे! पिशवीत दाबून बसवलेत! मेडिकलवाला म्हनला, फुडल्या खेपेला जल्दी या, माल कमी येऊन राह्यलाय!"

मागच्या सीटवर हवालदार कारभारी बसले होते. वर्षानुवर्षं बंदोबस्ताला उभं राहून त्यांची कंबर गेलेली, म्हणून ते कुशीवर कलून बसले होते. राघू पाळणं हा वन्यजीव कायद्यात गुन्हा आहे, असं एक पोस्टर त्यांनी नुकतंच ठाण्याच्या भिंतीवर चिकटवलं होतं. कंबर धरून ते उठले.

"बाई, पिशवी दावा. राघू पिशवीत कोंबता? जीव न्हाई का त्येन्ला?"

"त्येन्ला न्हाई, मला हाय," जयवंताबाई म्हणाली.

पिशवी उघडली. पिसं निघाली नाहीत, तेव्हा कारभारींचं तोंड उतरलं. मंग त्यांनी पट्टीवरची लाल रेघ बघितली, खालची बारीक अक्षरातली सूचना डोळ्याजवळ धरून वाचली आणि त्यांचं तोंड पुन्हा वर आलं. त्यांनी साहेबांना फोन लावला.

ठाण्यात फौजदार खरातांनी तिचं स्वागत केलं असंच म्हणायला हवं. पंच बोलावले, फोटोग्राफर बोलावला, महिला शिपाई बेबीनंदाला शेजारी उभं केलं. वजन करायला बाजारातून सोनार त्याचा काटा घेऊन आला. सोनारानं पट्ट्या, खोकी, रबरबँड असं सगळं एकदम काट्यावर ठेवलं आणि सवयीनं विचारलं, "साहेब, घट धरायची का?"

"काही धरायची नाही," साहेब म्हणाले. वजन चांगलं भरलं होतं.

जयवंताबाईनं डॉक्टरांची चिठ्ठी पुढं केली. साहेबांनी ती उलटी-सुलटी करून बघितली. "काय लिहिलंय हे?"

"मला वाचता आलं आस्तं तं मीच डॉक्टर झाले नसते का?"

"बसा इथं."

"बसता येत न्हाई, साहेब. दुपारची गोळी ऱ्हायलीय. एक राघू द्या, मंग बसते."

साहेबांनी लेखनिकाकडं बघितलं. पंचनाम्यात वाक्य उतरलं: 'आरोपी महिला गोळी मिळाल्याशिवाय खाली बसण्यास स्पष्ट नकार देते, सबब ती व्यसनाधीन असल्याचे दिसून येते.'

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. पांढऱ्या कापडावर नऊ पट्ट्या पंख्यासारख्या मांडलेल्या, मागं पोलीस ओळीनं ताठ उभे, मधे तोंडावर पदर घेतलेली जयवंताबाई, तीही उभीच. वर मथळा: 'राघू' टोळीचा पर्दाफाश, म्होरक्या महिला जेरबंद. टोळीतले बाकीचे फरार असल्याचं बातमीत म्हटलं होतं. राधाकिसन त्या वेळी मेंढरांना पाणी पाजत होता. पुढच्या आठवड्यात ठाण्याला वनखात्याकडून विचारणा आली की, जप्त केलेल्या राघूंची प्रकृती कशी आहे?

जामीन अटकेच्या दुसऱ्याच दिवशी झाला. वकील मिळाली तृप्ती. राजूरच्याच एका शिक्षकाची मुलगी, जालन्याच्या कोर्टात नुकती उभी राहू लागलेली. डॉ. दांडगे आरोपी क्रमांक दोन झाले. त्यांना अटक झाली नाही, पण जबाब द्यायला ते दोनदा ठाण्यात जाऊन आले, आणि तिसऱ्या दिवशी त्यांच्या दवाखान्यात पाटी लागली: 'येथे तीव्र वेदनाशामक औषधे लिहून दिली जाणार नाहीत. कृपया आग्रह करू नये.' पाटीखालच्या बाकावर नेहमीसारखीच माणसं बसली होती, कुणी गुडघा धरून, कुणी मान धरून.

"मावशी, पॅरासिटामॉल देतो," डॉक्टर तिच्याकडं न बघता म्हणाले.

"ते मी गोळ्या-बिस्किटासारखं खाऊन सोडलंय, डॉक्टर. तुमी जानता."

"जाणतो. पण माझ्यावर केस आहे. आता लिहिलं आणि अटकपूर्व जामीन गेला तर? मला दोन लेकरं आहेत."

जयवंताबाईला त्यांचा राग आला नाही, हेच तिला जड गेलं. राग आला असता तर बोलता आलं असतं.

गोळी एकदम तुटली, त्याचा त्रास निराळाच. घाम, थरथर, पोटात मुरडा. वर जुनी कळ व्याजासकट. ठाण्यानं तिला व्यसनमुक्तीच्या समुपदेशनाला पाठवलं. तिथं एक तरुण मुलगी समोर कागद ठेवून बसली होती. मुलगी गोड होती, तिला शिकवलं होतं तसं विचारत होती.

"आजी, व्यसन कशामुळे लागलं?"

"बाभळीमुळं."

"वाईट संगत होती का?"

"बाभळ वाईट न्हवती गं. फांदी वाळलेली व्हती."

"मग मन रमवण्यासाठी काय करता?"

"मेंढरं राखत व्हते. आता तुमच्याकडं येते."

घरी ती पुन्हा पालथी झाली. राधाकिसन एकटा मेंढरं, शेळ्या, चूल आणि बायकोची कूस बदलणं असं सगळं करू लागला. सत्तरीच्या उंबऱ्यावरचा माणूस, किती करणार? एका सकाळी व्यापाऱ्याचा टेम्पो आला. जयवंताबाई खाटेवर तोंड खाली घालून पडलेली होती. एकेक मेंढी फळीवरून चढताना ओरडत होती आणि तिला आवाजावरून कळत होतं, आता कानडी गेली, आता चांदी गेली. टेम्पो गेल्यावर राधाकिसन आत आला आणि तांब्या घेऊन उभा राहिला. त्या दिवसाबद्दल ती पुढंही कधी विनोद करू शकली नाही.

पण वाट राधाकिसननंच काढली. एक दिवस भाकरी थापता थापता तो म्हणाला, "आपल्या वस्तीतल्या पुंजारामचा ट्रॅक्टर चोरट्या वाळूत पोलिसांनी धरला व्हता. कोर्टानं सुपूर्दनाम्यावर परत देल्ता. केस चालू, ट्रॅक्टरबी चालू. तुझे राघू मागून बघ."

तृप्तीला हे सांगितलं तेव्हा ती आधी हसली. मंग हसायची थांबली. तिनं अर्ज केला.

सुनावणीच्या दिवशी कोर्ट भरलं होतं. गोळ्या सुपूर्दनाम्यावर मागणारी बाई कशी असते, हे बघायला बाजूच्या दालनातले वकीलसुद्धा आले होते. जयवंताबाई कठड्याला धरून उभी. सरकारी वकील एक हात कमरेवर ठेवून उठले. त्यांनाही मणक्याचा त्रास होता, हे साऱ्या बाररूमला माहीत होतं.

"साहेब, या अर्जाला सक्त विरोध आहे. मुद्देमाल आरोपीला दिला तर आरोपी तो गिळून टाकेल. पुरावा नष्ट होईल."

न्यायाधीशांनी चष्म्यावरून बघितलं. "बाई, सुपूर्दनाम्यावर घेतलेली वस्तू कोर्ट सांगेल तेव्हा हजर करावी लागते. कराल?"

"करीन की, साहेब. मी सोता हजर ऱ्हाईन. मुद्देमाल माझ्यातच आसंल."

न्यायाधीशांनी फाईल उचलून तोंडापुढं धरली आणि ती बऱ्याच वेळानं खाली ठेवली. अर्ज अर्थात फेटाळला. पण म्हणाले, "आरोपीनं डॉक्टरांच्या चिठ्ठीवर नवीन औषध घेण्यास या न्यायालयाने कधीही मनाई केलेली नाही."

"साहेब, हे आदेशात लिहून मिळावं," तृप्ती पटकन म्हणाली. त्यांनी लिहून दिलं.

तो आदेश घेऊन दोघी डॉ. दांडग्यांकडं गेल्या. डॉक्टरांनी तो परत परत वाचला. "मनाई नाही असं म्हटलंय," ते म्हणाले. "लिहा असं नाही म्हटलेलं."

दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितलं, हे तज्ज्ञाचं काम आहे. तज्ज्ञ म्हणाले, नेहमीच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या. एका सरकारी दवाखान्यात औषध होतं. कपाटात होतं, कपाटाला कुलूप होतं, आणि चावीवाले डॉक्टर रजेवर होते. मेडिकलवाले तर तिला ओळखूनच शटरकडं बघायचे. कायदा हो म्हणत होता आणि कायद्याला भिणारी सगळी माणसं नाही म्हणत होती. जयवंताबाईला हे नवीन नव्हतं. लग्नात जेवायला बसा म्हणणारे पुष्कळ असतात. वाढणारा कुठं असतो?

मधल्या काळात झेंडावंदनाला फौजदार खरातांना 'राघू' प्रकरणातल्या कामगिरीबद्दल प्रशस्तिपत्र मिळालं आणि पाठोपाठ त्यांची बदली झाली, मनासारख्या ठिकाणी.

प्रयोगशाळेचा अहवाल यायला बरेच महिने गेले. त्यात लिहिलं होतं की, पाकिटावर जे औषध छापलं आहे, तेच कॅप्सूलमध्ये सापडलं. त्या आधारावर तृप्तीनं दोषमुक्तीचा अर्ज केला. न्यायाधीशांनी नियम वाचून दाखवला: चिठ्ठी असेल तर माणसाला स्वतःच्या उपचारासाठी एका वेळी अशा शंभर गोळ्यांपर्यंत जवळ ठेवता येतात. बाईकडं नव्वद होत्या. डॉक्टरांनी तपासून, कारण असताना लिहिल्या होत्या. गुन्हा होत नाही. दोघेही दोषमुक्त.

"काही म्हणायचंय का बाई?" त्यांनी विचारलं.

"येकच इचारते, साहेब. ह्यो नियम कवापासून हाय?"

"जुनाच आहे."

"मंग मला येवढं उभं केलं कशापायी?"

न्यायाधीश म्हणाले, "प्रश्न रास्त आहे." पण तो आदेशात लिहिला नाही.

बाहेर व्हरांड्यात हवालदार कारभारी साक्षीचे कागद घेऊन थांबले होते. तृप्ती लांब गेलेली बघून ते जयवंताबाईजवळ सरकले. "मावशी, राग धरू नका. येक इचारू? ती गोळी... कमरंला लागू पडती का?"

"पडती," जयवंताबाई म्हणाली. "पर आधी वकील बघून ठिवा."

कोर्टातून सुटल्यावर तिला घरी जायचं नव्हतं. राधाकिसननं भाड्याच्या जीपमध्ये मागं गोधडी अंथरली, तिला पालथं निजवलं आणि जीप भोकरदनला घेतली. डॉ. दांडगे तिला बघून उठून उभे राहिले. तेही सुटले होते, पण तोंडावर सुटल्याचं काही दिसत नव्हतं.

ती तपासणीच्या टेबलावर पडली. डॉक्टरांनी कण्यावरून बोट फिरवत नेलं आणि एका ठिकाणी हलकं दाबलं. टेबलाची लोखंडी कड तिनं अशी धरली की तिच्या बांगडीची काच तडकन फुटून खाली पडली. डॉक्टर खाली वाकले, काचा वेचत बसले.

"मावशी," ते खालूनच म्हणाले, "मला भीती वाटते हो. अजून वाटते. पोलिसांची जीप गेली तरी माझा पेन थांबतो."

"वाटनारच. मलाबी वाटती. पर डॉक्टर, तुमच्या भीतीला खुर्ची हाय. माझ्या भीतीला बसता येत न्हाई."

डॉ. दांडगे उठले. त्यांनी चिठ्ठी लिहिली: मोठ्या, सुट्या, बालवाडीच्या पोरालाही वाचता येतील अशा अक्षरांत. आजाराचं नाव, ऑपरेशनची तारीख, किती गोळ्या, का, स्वतःचा नोंदणी क्रमांक, शिक्का, सही, आणि खाली, कुणी मागितला नव्हता तरी, मोबाईल नंबर. मेडिकलवाल्यानं चिठ्ठीचा फोटो काढला, बाईचा फोटो काढला, आधार कार्डाचा फोटो काढला, आणि मंग सांगितलं की माल नाही, मागवावा लागेल. मागवला. आला.

दवाखान्यातली पाटी डॉक्टरांनी काढलेली नाही. ती वाचूनही जो बाकावरून उठत नाही, त्याला ते आत घेतात, दार लावतात आणि नीट तपासतात. शेजारच्या गावचा एक कॅन्सरचा म्हातारा त्यांच्या औषधावर शेवटचे दिवस शांत झोपून गेला. त्याचा मुलगा येऊन पाया पडायला वाकला, तेव्हा डॉक्टरांनी आधी खिडकीतून रस्त्याकडं बघून घेतलं म्हणे. तृप्तीचंही बरं चाललंय. त्या पट्ट्यात आता जुनाट दुखणं असलेला माणूस आधी तिच्याकडं सल्ल्याला येतो आणि मंग दवाखान्यात जातो.

जयवंताबाई बसायला लागली. पूर्वीइतकी नाही, ते महिने शरीरानं वसूल करून घेतले, पण लागली. मेंढरं मात्र परत आली नाहीत, येणार नव्हती.

दिवाळीनंतर राधाकिसन अंबडच्या बाजारात गेल्ता. संध्याकाळी आला तो एक गाभण मेंढी दोरीला धरून. ती चालताना मागचा पाय उचलत होती.

"अवं, पाय बघितला का न्हाई घेताना?" ओट्यावरून जयवंताबाई कडाडली.

"बघितला."

"लंगडती की ही!"

"हां. म्हनूनच कुनी घेत न्हवतं."

जयवंताबाई हळूच ओट्यावरून उतरली, खांब धरत मेंढीजवळ गेली आणि पाय चाचपू लागली. मेंढीनं अंग चोरलं, मंग उभी राहिली.

"मंग तिला वाळल्या जागंला घ्या की," ती म्हणाली. "न् पेंढा घाला खाली. उभी कशाला केलीय?"

राधाकिसन पेंढा आणायला गेला.